डाव्या हाताची ढाल : जिंजी, तंजावर आणि तिरुक्करुगावूर

मराठी शस्त्रविचारात तलवारीला चरित्र आहे, ढालीला नाही. भवानी, तुळजा, जगदंबा ही तलवारींची नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्यांच्या खरेपणाविषयीचे वाद गेले शतकभर चालू आहेत. ‘समशेरबहाद्दर’ ही पदवी तलवारीवरून आली. ढालीवरून आलेली तशी पदवी आपल्या सनदापत्रांत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली नाही. अलीकडच्या काळातही हाच कल दिसतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ठराविक मुदतीसाठी वाघनखे साताऱ्यास आली. २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावात घेऊन परत आणली. दोन्ही प्रसंगी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. हे सारे योग्यच झाले. परंतु मारणाऱ्या शस्त्राविषयी इतके बोलणारी संस्कृती राखणाऱ्या शस्त्राविषयी मुकी का, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. कारण त्याचे उत्तर लोखंडात किंवा कातड्यात नसून भाषेत आणि कथनात आहे, असे आम्हांस वाटते.

तुलनेसाठी एक परके उदाहरण घेऊ. इथिओपियाच्या पठारावरील अम्हारा समाजात ढालीला ‘गाशा’ म्हणतात. म्हैस, पाणघोडा किंवा गेंडा यांच्या जाड कातड्याची, मध्यभागी उंचवटा असलेली ही गोल ढाल सामान्य शिपायाकडे साधी असे. सरदाराच्या ढालीवर मखमल चढवून तीवर चांदीच्या पट्ट्या बसवीत, आणि पराक्रमाची खूण म्हणून सिंहाच्या आयाळीची झालर लावीत. ढालीवरून माणसाची प्रतिष्ठा कळे. इतके तर अनेक योद्धा-समाजांत आढळेल. लक्षणीय आहे तो शब्दाचा पुढचा प्रवास. ‘गाशा’ हे जमिनीच्या मापाचेही नाव झाले. सुमारे चाळीस हेक्टरांचे, पण जमिनीच्या प्रतीप्रमाणे कमीअधिक होणारे हे माप शिपायांना चाकरीबद्दल जमिनी देताना वापरले जाई. १९७५ च्या जमीनसुधारणेने ती जुनी व्यवस्था संपली. शब्द मात्र उरला. शिवाय वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने हाक मारताना अम्हारी माणूस ‘गाशे’ म्हणतो, म्हणजे ‘माझी ढाल’. आपल्याकडे ‘दादा’ किंवा ‘काका’ ज्या स्वरात म्हणतात त्याच स्वरात तेथे ढाल उच्चारली जाते.

१८६८ साली सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली जी फौज मुंबईहून निघून मगदला गडावर गेली, तिने सम्राट तेवोद्रोस यांच्या गडावरून हस्तलिखिते, मुकुट आणि शस्त्रे लुटून नेली. त्या लुटीतील एक ढाल फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडात लिलावास निघाली. इथिओपियाने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ढाल मायदेशी गेली. म्हणजे ज्या वर्षी आपण वाघनखांचे स्वागत केले, त्याच वर्षी त्या देशाने एका ढालीचे केले. योगायोगावर सिद्धान्त उभारू नये हे खरे, पण कोणती वस्तू ‘आपली’ म्हणून परत मागावीशी वाटते यावरून समाजाच्या स्मृतीचा कल कळतो.

ही तुलना केवळ दूरान्वयाची नाही. हबशी सेनानींचा दख्खनच्या इतिहासाशी आणि भोसले घराण्याशी निकटचा संबंध होता. मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झालेला पुरुष. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. त्याच शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. अंबर अम्हारा होता असे मानण्यास आधार नाही, आणि मराठी ढाल हबशी ढालीवरून आली असे सुचविण्याचा येथे हेतूही नाही. मुद्दा एवढाच की, हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांवरचे हे लढवय्ये परस्परांना सर्वस्वी अनोळखी नव्हते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गेंड्याचे कातडे पश्चिम भारतात येई आणि कच्छ-गुजरातेत त्याच्या ढाली घडत, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

आता आपली ढाल. मराठा स्वाराची ढाल बहुधा गोल, बाहेरून फुगीर, कडेला किंचित वळलेली. तिच्या दर्शनी भागावरचे चार फुलांसारखे टोप शोभेचे वाटतात, पण ती शोभा मूळची नव्हे. आतल्या बाजूस हात घालण्याचे दोन बंद ज्या कड्यांत अडकवलेले असतात, त्या कड्यांचे खिळे बाहेर ज्या ठिकाणी निघतात तेथे हे टोप बसविलेले असतात. आत बोटांचे सांधे कातड्यावर आपटू नयेत म्हणून लहानशी गादी असते. संग्रहालयात ढाल नेहमी भिंतीला टेकवून, पाठ लपवून मांडलेली असते. त्यामुळे जो भाग माणसाच्या हाताला लागे तोच प्रेक्षकाला कधी दिसत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील राशिचिन्हांची, अकबराच्या नावाने ओळखली जाणारी पोलादी ढाल असो की पुण्याच्या केळकर संग्रहालयातील ढाली असोत, प्रेक्षक ती पाहतो ते शत्रूच्या जागी उभा राहून. धरणाऱ्याच्या बाजूने ढाल पाहणे आपल्याला कुणी शिकविलेच नाही.

संस्कृतात ढालीला ‘चर्म’ म्हणतात, जुन्या तमिळमध्ये ‘तोल्’. दोन्हींचा मूळ अर्थ कातडे. द्रव्याचेच नाव वस्तूला मिळाले आहे. मूर्तिशास्त्रातला ‘खेटक’ हा शब्द तमिळमध्ये ‘केडयम्’ होऊन आजही ढालीसाठी चालतो. मराठीने मात्र ‘ढाल’ हा शब्द चालविला, ज्यात कातड्याचा वासही नाही. हे सोयीचे झाले असे म्हणावेसे वाटते. कमावलेल्या कातड्याची सारी लष्करी सामग्री ढोर, चांभार, जिनगर अशा कारागिरांच्या हातून जाई. तलवारीचे पाते मात्र पुष्कळदा फिरंगी असे आणि त्यावर कारखान्याची मुद्रा कोरलेली असे. पात्याला वंशावळ सांगता येते. कातड्यावर कारागिराचे नाव नसते आणि ते शंभर-दीडशे वर्षांत कुजते, किडते. ढालीच्या उपेक्षेचे एक कारण या जातिव्यवस्थेत शोधण्याचा मोह होतो. पण तेवढ्यावर थांबणे घाईचे ठरेल. अम्हारा प्रदेशातही कातडे कमावणारे हीन मानले जात, तरी तेथे ढाल सन्मानाची झाली. आपल्याकडेही सरदाराला वस्त्रांबरोबर ढाल-तलवार देण्याचा प्रघात होताच. तेव्हा दरबारात ढाल उपेक्षित नव्हती. ती उपेक्षित झाली ती कथनात.

येथे ‘ढाल-तलवार’ या समासात ढाल आधी येते, यावर कोणी बोट ठेवील. त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. कमी स्वरांचे पद द्वंद्वात आधी घ्यावे असा पाणिनीचा दंडक आहे, आणि मराठी कान तोच पाळतो. संस्कृतातील ‘असिचर्म’ मध्ये तलवार आधी येते, तीही इकारान्त पदाच्या नियमाने. व्याकरणाला पराक्रमाचा साक्षीदार करू नये.

कोशाची साक्ष अधिक बोलकी आहे. मोल्सवर्थच्या कोशात ‘ढाल’ या शब्दाचे दोन मुख्य अर्थ आढळतात. एक शस्त्राचा, दुसरा, फौजेचे मोठे निशाण, ज्याच्या अनुरोधाने लष्कर कूच करी आणि मुक्काम घाली. आज हा दुसरा अर्थ लोपला आहे, आणि त्यामुळे बखरी वाचताना नवा वाचक अडखळतो. हत्तीवर ढाल चालली आहे असे वाचून तो हत्तीच्या पाठीवर चामड्याचे वर्तुळ कल्पितो, वस्तुतः तेथे झेंडा असतो. ज्याच्या आडोशाला एक माणूस उभा राहतो ती वस्तू, आणि ज्याच्या मागे सारे लष्कर उभे राहते ती वस्तू, या दोहोंना मराठीने एकच नाव दिले, हा अर्थविस्तार आम्हांस गाशाच्या जमीन-मापाइतकाच मोलाचा वाटतो. अम्हारी शब्द जमिनीत रुजला. मराठी शब्द चालता राहिला. एका लष्कराला घर होते, दुसऱ्याचे घर म्हणजे पुढचा मुक्काम, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी फौजेच्या जगण्याशी तो अर्थ जुळतो खरा.

निशाणाचा अर्थ लोपला तरी एका शब्दात तो अडकून राहिला आहे. ‘ढालगज’. ढाल वाहणारा, सर्वांच्या पुढे चालणारा हत्ती तो ढालगज. पण आज हा शब्द ऐकू येतो तो फक्त ‘ढालगज भवानी’ या शिवीवजा प्रयोगात. पुढे होणारी, आवाज चढविणारी, कुणाला न जुमानणारी बाई म्हणजे ढालगज. पुरुषांच्या फौजेत जो मानाचा हत्ती, तोच घरात आणि गल्लीत बाईच्या वाट्याला निंदा होऊन आला, आणि सोबत देवीचे, तलवारीचे नावही ओढले गेले. शब्दार्थाच्या घसरणीची उदाहरणे देताना आपले भाषाशास्त्रज्ञ हा शब्द क्वचितच घेतात. घ्यावयास हवा.

दुसरी घसरण कचेरीतली. ढाल-तलवार बाळगून धन्यापुढे चालणारा तो ढालाईत, हिंदीत ढलैत. इंग्रजी अमलात हाच शब्द ‘डलायत’ होऊन निरोप नेणाऱ्या शिपायाला लागू झाला. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात त्याची नोंद आहे. कर्नाटकातील शासकीय सेवेत ‘दलायत’ हे शिपायाचे पदनाम पुढेही राहिले. चोपदाराची काठी आणि दलायताचा पट्टा यांत ढालीची आठवण कुणाला होत असेल असे नाही. अम्हारीतही असेच झाले आहे : धन्याची ढाल वाहणारा ‘गाशा जाग्रे’ आज कुणाच्या तरी मागे मागे करणाऱ्या हस्तकासाठी वापरला जातो. ढाल मानाची राहिली, ढाल वाहणारा मात्र दोन्ही भाषांत खाली उतरला.

हे सारे शब्दांविषयी. मराठी गद्यातील ढालीचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग कोणता, असे विचारल्यास आम्ही सभासदाच्या बखरीतील सिंहगडाकडे बोट दाखवू. तो प्रसंग सर्वश्रुत आहे. १६७० साली तानाजी मालुसरे आणि उदेभान यांची गाठ पडते. तानाजीची ढाल तुटते. दुसरी वेळेवर मिळत नाही. तेव्हा तो आपल्या डाव्या हाताचीच ढाल करतो, तीवर वार झेलतो, आणि दोघेही पडतात. सभासद हे सारे दोन-तीन तुटक वाक्यांत सांगतो. विशेषण नाही, उपमा नाही. दुसरी ढाल वेळेवर आली नाही, ही गोष्ट तो जणू कारखान्याच्या हिशेबात लिहावी तशी लिहितो, आणि तेथेच त्याच्या गद्याची ताकद आहे.

पुढच्या कथनांनी या प्रसंगाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. लोकप्रिय आवृत्तीत तानाजी डाव्या हाताला शेला किंवा पागोटे गुंडाळतो. ही भर स्वाभाविक आहे. उघड्या हातावर तलवारीचे वार झेलणे श्रोत्याला सोसवत नाही, म्हणून कथेकऱ्याने मध्ये कापड घातले. पण त्या कापडाने अर्थ बदलतो. सभासदाच्या वाक्यात ढाल ही वस्तू संपते आणि शरीर तिची जागा घेते. शेल्याच्या आवृत्तीत एका वस्तूची जागा दुसरी वस्तू घेते, म्हणजे तानाजी युक्तिवान ठरतो. सभासदाचा तानाजी युक्ती करीत नाही. त्याच्याजवळ जे उरले आहे ते तो पुढे करतो. हा फरक पोवाड्यांच्या, कादंबरीच्या आणि चित्रपटांच्या गर्दीत हरवला, आणि हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीनंतर तर शीर्षकातले उद्गारवाक्यच प्रसंगाचे केंद्र होऊन बसले. मग समीक्षेनेही तेच केंद्र मानले. सिंहगडाच्या प्रसंगावरची चर्चा घोरपडीची सत्यता आणि त्या उद्गाराची सत्यता यांभोवती फिरत राहते. तुटलेल्या ढालीवर कोणी थांबत नाही.

सभासद हे कोठे बसून लिहीत होता, तेही विसरले जाते. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीस, १६९७ च्या सुमारास. जिंजी तमिळ प्रदेशात आहे. १६९० पासून झुल्फिकारखानाचा वेढा त्या गडाभोवती होता आणि १६९८ च्या आरंभी गड पडला. स्वराज्याचा छत्रपती मायभूमीपासून दूर, परभाषिक मुलखात, तटाच्या आड. त्याला मदत पोहोचते ती तंजावरच्या भाऊबंदांकडून, आणि त्या मदतीची किंमत म्हणून १६९४ मध्ये तंजावरकर शहाजीराजांना झुल्फिकारखानाला खंडणी द्यावी लागते. अशा स्थितीत बसलेला वृद्ध कारभारी सत्तावीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवतो आणि नेमके हे नोंदवतो की, दुसरी ढाल समयास आली नाही. वेढ्यात अडकलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ वेगळा कळत असणार. लेखकाच्या परिस्थितीचा असा आरोप संहितेवर करताना सावध राहावे हे आम्ही जाणतो. तरीही सभासदाची बखर महाराष्ट्राच्या डोंगरातली नव्हे, तर तमिळ देशातली संहिता आहे, या साध्या गोष्टीचा विचार मराठी समीक्षेने अद्याप पुरेसा केलेला नाही.

तंजावरात पुढे काय झाले? राजव्यवहारकोशाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते रघुनाथ नारायण हणमंते याच दक्षिणी कारभारातून शिवछत्रपतींकडे आलेले. त्या कोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, म्हणजे शस्त्राला शब्द हवा याचे भान होते. पण तंजावरच्या राजांचे वाङ्मय वळले ते नाटकाकडे, संगीताकडे, वैद्यकाकडे. १७९९ च्या तहाने सरफोजीराजे दुसरे यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले. त्यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. ज्या घराण्याच्या हातची तलवार काढून घेतली गेली, त्याने आपला इतिहास दगडावर चढविला. हा लेख पराक्रमाचा म्हणून वाचला जातो. आम्ही तो संरक्षणाचा म्हणून वाचतो. आक्रमण करण्याची शक्ती संपल्यावर जे लिहिले जाते त्याला वेगळा निकष लावावा लागतो, आणि तंजावरी मराठी वाङ्मयाला ‘शौर्य हरवलेले’ म्हणून कमी लेखणाऱ्या जुन्या महाराष्ट्रीय समीक्षेने हा निकष कधी लावला नाही. १८५५ मध्ये ते संस्थानही खालसा झाले.

याच राज्याच्या मुलखात, तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या पट्ट्यात, पापनाशम् तालुक्यात तिरुक्करुगावूर हे गाव आहे. नायनार संतांनी गायिलेल्या शिवस्थानांपैकी हे एक. मुल्लैवननाथ म्हणजे जुईच्या वनाचा स्वामी हा येथील शिव, आणि त्याच्याजवळ गर्भरक्षांबिका. कथा अशी की, निरुत्तुव ऋषींची पत्नी वेदिका गरोदर असताना अतिथीचे स्वागत करू शकली नाही, त्याच्या शापाने तिचा गर्भ गळू लागला, आणि देवीने तो एका घटात ठेवून वाढविला. आजही गरोदर स्त्रिया येथे येतात आणि सुखरूप बाळंतपणासाठी मंतरलेले एरंडेल घेऊन जातात. गावाच्या नावाची फोड स्थानिक परंपरा ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव अशी करते.

चोळ देशातील महिषमर्दिनीच्या हाती खड्गाबरोबर खेटक असतो. गर्भरक्षांबिकेच्या हाती तो नाही. तिचा एक हात अभय देतो आणि खालचा डावा हात उदराशी धरलेला असतो. ढाल धरण्याचा हात तोच. सिंहगडावर ज्या हाताने ढालीची जागा घेतली तोही डावाच. यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. सभासदाला हे गाव ठाऊक होते की नाही हा प्रश्नही गैरलागू आहे. पण जी मराठी भाषा दीडशेहून अधिक वर्षे या मुलखाची राजभाषा होती आणि आजही कुंभकोणम्-तंजावरच्या काही घरांत बोलली जाते, तिच्या कोशात ‘ढाल’ या शब्दाखाली शस्त्र आणि निशाण हे दोन अर्थ आहेत; वस्तूवाचून राखणाऱ्या हाताचा तिसरा अर्थ सभासदाने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे, आणि तो मात्र कोशात अजून चढलेला नाही.